घरात साप आणण्याआधी धाकट्याचं वय पाहा

पाचगणीतल्या एका वडिलांनी विचारलं आहे: थोरली नऊ वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. थोरलीला सापांचं भारी वेड. तिच्यासाठी ‘बॉल पायथॉन’ हा बिनविषारी परदेशी साप आणायचा विचार आहे. पहिला साप म्हणून तो बरा का, मुलांना काही धोका नाही ना?

साप दिसला की काठी शोधण्याऐवजी मुलीला त्याच्याकडे बघत बसावंसं वाटतं, याचा मला फार आनंद झाला. तरीही डॉक्टर म्हणून सांगतो, धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत घरात कुठलाही साप आणू नका.

दंशाची मला एवढी भीती नाही. बॉल पायथॉन चावला तर बारीक दातांचे ओरखडे उठतात. साबणपाण्याने जखम धुवायची, धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना ते बघायचं. काळजी आहे ती साल्मोनेला या जंतूंची. ते सापाच्या आतड्यात राहतात आणि सापाला त्यांचा काहीच त्रास होत नाही. विष्ठेतून बाहेर पडून ते त्याच्या अंगाला, पेटीला, पाण्याच्या भांड्याला लागतात. कधी पडतात, कधी पडत नाहीत. त्यामुळे विष्ठेच्या एका तपासणीत काही सापडलं नाही, तरी निर्धास्त होता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे हात दिवसातून कितीदा तोंडात जातात, हे आईवडिलांना मी काय सांगणार! त्याने सापाला शिवायचीही गरज नाही. ताईने साप हाताळला आणि हात न धुता त्याला पोळीचा घास भरवला, एवढं पुरतं.

धडधाकट मोठ्या माणसाला चार-सात दिवस ताप, जुलाब, पोटात कळा, आणि मग बहुधा आपोआप उतार. लहान मुलांमध्ये मात्र हे जंतू रक्तात शिरू शकतात, तान्ह्या बाळाच्या मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतात. कासवंही हे जंतू बाळगतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच आजारामुळे. मुलं ती पिल्लं थेट तोंडात घालत. घरात गरोदर बाई, पासष्टीपुढचे आजी-आजोबा किंवा कर्करोगाचे उपचार घेणारं कुणी असेल, तर त्यांनाही हाच धोका आहे.

ज्यांच्या घरी साप आधीच आहे, त्यांनी त्याची पेटी आणि भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. त्याच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर आपल्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत. सापाला हात लावला की दर वेळी साबणाने हात धुवावेत. आणि मुलाला जुलाब लागले तर घरात साप आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. संकोचाने लपवू नका. ते कळलं तर योग्य तपासणी लगेच सांगता येते. जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका, जलसंजीवनी सुरू करा. शौचात रक्त, चढता ताप, सुस्ती किंवा लघवी कमी झालेली दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी काळजी आपल्या परिसराची. घरातला साप गळ्यात घालणारं मूल अंगणातला सापही उचलू पाहील. आपल्याकडे मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्या पट्ट्यांत मोठी माणसंही फसतात. घोणस पाहून तिला अजगराचं पिल्लू समजणारे आहेत. घाटातल्या झाडीत हिरवा चापडाही असतो. आपली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापडा त्यात नाही. कुठलाही साप चावला तरी आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. पसरणी घाट उतरेपर्यंतचा वेळ मोलाचा असतो, तो मंत्राने विष उतरवणाऱ्याच्या दारात घालवू नका.

परदेशी नको, मग बागेतली धामण किंवा मांडूळ ठेवू का, असंही काहींच्या मनात येईल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले हे साप पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीची केवढी जुनी परंपरा, पण तिथेही जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या. बॉल पायथॉन बाळगायला आता सरकारदरबारी नोंदणी लागते. कायद्यात २०२२ साली तशी दुरुस्ती झाली. कागद न दाखवता साप विकणाऱ्याच्या दारातून परत फिरा.

शिवाय हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या उष्ण प्रदेशाचा. त्याच्या पेटीची एक बाजू तीस-बत्तीस अंश सेल्सिअस उबदार लागते. सुमारे तेराशे मीटर उंचीवरच्या आपल्या गावात, पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. अशा गारठ्यात त्याच्या छातीला आणि कातडीला आजार जडतात. मुलीचा जीव त्याच्यात गुंतलेला असणार, तेव्हा हेही मोजून बघा.

तोवर तिला पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात घेऊन जा. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली ते उभं केलं. तिथे नाग, घोणस, अजगर काचेआड निवांत बघता येतात. एक वही द्या. घराजवळ दुरून दिसलेल्या प्रत्येक सापाचं चित्र, तारीख आणि जागा तिला टिपू द्या. धाकट्याला पाच पूर्ण झाली की पुन्हा लिहा. तेव्हा ती अकरा वर्षांची असेल आणि हात न सांगता धुते की नाही, हे तुम्हाला कळलेलं असेल. नीट निगा राखली तर बॉल पायथॉन वीस-तीस वर्षं जगतो. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर पेटी कोण साफ करणार, हे त्याआधी घरात बसून ठरवा.