छातीतील धडधड आणि मनातील धास्ती

शरीरातील बहुतेक इंद्रिये आपले काम मूकपणे करीत असतात. यकृत किंवा मूत्रपिंड चालू असल्याची जाणीव निरोगी माणसाला होत नाही. हृदयाचे तसे नाही. जिना चढताना, रागाच्या भरात, रात्री डाव्या कुशीवर निजले असता त्याचे ठोके आपल्याला कळतात. ज्याच्या थांबण्याशी मृत्यूची कल्पना जोडलेली आहे, तेच इंद्रिय असे वारंवार आपली आठवण करून देते. म्हणून त्याविषयीची धास्ती मनात सहज घर करते.

भिलाईसारख्या पोलादनगरीत या धास्तीला आणखी निमित्ते मिळतात. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि हजारो कुटुंबांचे जीवन पाळ्यांच्या वेळापत्रकाशी बांधले गेले. भट्टीजवळच्या उष्णतेत घामावाटे पाणी व मीठ निघून गेले की नाडी जलद होते. रात्रपाळीचे जागरण आणि वारंवार घेतलेला चहा यांनीही धडधड वाढू शकते. अशातच वैद्यकीय तपासणीत विद्युत् हृल्लेखावर, म्हणजेच ईसीजीवर, ‘किरकोळ बदल’ असा शेरा आला, तर मन त्या दोहोंची सांगड तत्काळ घालते.

सैनिकांचे हृदय

हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) अनेक सैनिक धडधड, छातीतील कळा आणि धाप यांची तक्रार करीत. परंतु तपासणीत हृदयाचा उघड रोग सापडत नसे. डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हृदयतज्ज्ञ टॉमस लुईस यांनी अशा सैनिकांना अंथरुणावर खिळवून न ठेवता क्रमाक्रमाने वाढणारा व्यायाम दिला. पुढे १९४१ साली पॉल वुड यांनी या लक्षणांच्या मुळाशी बहुधा भीती असते, असे प्रतिपादन केले. सैनिकांच्या वेदना खऱ्या होत्या. त्यांचे कारण मात्र त्यांना वाटत होते ते नव्हते.

आलेखाची मर्यादा

विद्युत् हृल्लेखाच्या कार्याबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे साधन मोलाचे आहे. पण विश्रांतीच्या वेळी घेतलेला आलेख हृदयाच्या मोजक्या ठोक्यांचीच नोंद करतो. तो निर्दोष असला म्हणजे रोग नाहीच असे ठरत नाही, आणि त्यात थोडा फेर आढळला म्हणजे रोग आहेच असेही नाही.

एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, १००० माणसांपैकी १० जणांना रोग आहे. एखादी चाचणी त्यांपैकी ९ जणांना अचूक ओळखते. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणांनाही चुकून सदोष ठरवते. एकंदर १०८ जणांच्या हाती चिंताजनक अहवाल पडेल, आणि त्यांत खरे रोगी ९ असतील. म्हणूनच वैद्य अहवाल एकटा वाचीत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि लक्षणांचे स्वरूप यांच्यासह वाचतो.

धास्तीचे चक्र

भीतीने ॲड्रिनॅलिन स्रवते, ठोके वाढतात. वाढलेले ठोके पाहून भीती दुणावते. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. मग माणूस नाडी मोजतो, पुन्हा चाचणी करवितो, दुसऱ्या वैद्याकडे जातो. निर्वाळा मिळताच बरे वाटते. काही दिवसांत शंका परत येते. सॉल्कॉव्हस्किस व वॉरिक या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली दाखवून दिले की, वारंवार मागितलेला असा निर्वाळाच चिंतेला जिवंत ठेवतो.

काय करावे

प्रथम धोक्याची लक्षणे ओळखावीत. छातीवर दाब येणे, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, अकारण धाप, शुद्ध हरपणे यांपैकी काही झाल्यास ‘ही चिंताच असेल’ असे म्हणून थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्वरित रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यात ही लक्षणे कधी अस्पष्टही असतात. भारतीयांत हृदयविकार तुलनेने कमी वयात आढळतो, हेही ध्यानात ठेवावे.

इतर वेळी एकाच विश्वासू वैद्याकडून रीतसर तपासणी करून घ्यावी आणि पुढील तपासणी केव्हा व कोणत्या कारणाने करावी, हे त्यांनाच विचारून लिहून ठेवावे. मध्यंतरी नाडी मोजण्याची ऊर्मी आल्यास ती प्रथम दहा मिनिटे, मग अर्धा तास पुढे ढकलावी. वैद्याच्या अनुमतीने रोज चालावे व अंतर हळूहळू वाढवावे. श्रमाने वाढलेले ठोके आपोआप उतरतात, याचा प्रत्यय अशानेच येतो. घरच्यांनीही दर वेळी ‘काही नाही’ असा दिलासा न देता ठरलेल्या योजनेची आठवण द्यावी. एवढ्यानेही झोप व कामकाज बिघडत राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. हृदय कधीच बिघडणार नाही, अशी हमी कोणतीही चाचणी देऊ शकत नाही. ती हमी मिळेपर्यंत कामे, प्रवास आणि घरातले सण लांबणीवर टाकण्याचे कारण नाही.