डेमलो संख्या आणि हातच्याचा पाठ

गुणाकाराच्या उजळणीसाठी शिक्षकांनी वरच्या वर्गात १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या फळ्यावर लिहावी. हिचे अंक सतरा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांप्रमाणे डावीकडील पहिला एक 'मध्य' या स्थानी पडतो. पुढचे स्थान परार्धाचे.

ही संख्या म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय. अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांस लाभले नव्हते. ही कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्या डोंबिवलीच्या 'डेमलो' या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना डेमलो संख्या म्हटले.

अंक असे चढून पुन्हा का उतरतात, हे मुलांकडूनच काढवून घ्यावे. प्रथम ११ × ११ = १२१ आणि १११ × १११ = १२३२१ ही उदाहरणे पूर्ण मांडणीने करवावीत. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे एकंच्या घरात एकच एक येतो, दहंच्या घरात दोन, शतंच्या घरात तीन. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या घरात नऊ एक जमतात व तेथून संख्या घटू लागते. कोणत्याही घरात बेरीज नवापुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही. सारे रहस्य एवढेच आहे.

आता दहा एकांचा वर्ग विचारावा. पुष्कळ मुले चढउतार तसाच पुढे चालवतील. त्यांस अडवू नये, मांडणी करू द्यावी. मधल्या घरात दहा येतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडील नवात मिळवला की तेथेही दहा होतात, आणि पुढला हातचा आठास नऊ करतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते.

मूळ संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे व तिला ८१ ने निःशेष भागही जातो. मात्र अंकांची बेरीज ८१ आली म्हणजे ८१ ने भाग जातोच, असा नियम नाही. येथे १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने जातो. भागाकार १२३४५६७९ या संख्येचा वर्ग येतो. तीत आठ नाही, हे मुलांच्या चटकन ध्यानी येईल. तसेच मूळ संख्या तोडून १२३४५६७८ + ९८७६५४३२१ अशी बेरीज करवावी. नऊ नवांची रांग उभी राहते.

ताथवडे परिसरातील एखादा विद्यार्थी म्हणेल, हे संगणकावर का करू नये? अवश्य करावे. एक्सेलमध्ये हा गुणाकार केल्यास १२३४५६७८९८७६५४३०० असे उत्तर दिसते. तेथे पंधराच अंक राखले जातात व उरलेल्या घरांत शून्ये येतात. एकंच्या घरात एके एक झाल्यावर शून्य कसे येईल, हा प्रश्न वर्गास विचारावा.