‘आवाज’ची खिडकी : एका दिवाळी अंकाचा व्यवहार

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘वस्तुभेद’ ही संकल्पना नवीन नाही. बाजारात एकाच प्रकारचा माल अनेकजण विकत असले, की प्रत्येकाला आपला माल इतरांहून वेगळा आहे असे गिऱ्हाइकाला पटवावे लागते. पाठ्यपुस्तकात याला साबणाचे नाही तर टूथपेस्टचे उदाहरण देतात. मी मात्र या लेखात दिवाळी अंकाचे उदाहरण घेणार आहे, आणि तेही अशा एका अंकाचे, की ज्याचे नाव घेतले की घरातली वडील मंडळी एकमेकांकडे पाहून हसू दाबतात. हा अंक म्हणजे ‘आवाज’. एका मुलीने या विषयावर लिहावे का, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखातच पुढे येईल.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मोजतात. पुढच्या चार दशकांत कथा, कविता आणि वैचारिक लेख देणारे अंक इतके झाले, की नव्याने येणाऱ्याला काहीतरी निराळे घेऊनच यावे लागे. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ काढले, आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांची रंगीत हास्यचित्रे आली. बसच्या रांगेत उभे असलेले एक तरुण आणि एक तरुणी, एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यावर उंदरांची; या चित्राची आठवण जुने वाचक आजही काढतात. फडणीसांचा जन्म १९२५ सालचा, गाव भोज. म्हणजे आपल्या निपाणीच्या शेजारचे! निपाणीच्या कॉलेजमध्ये शिकणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे, हे मी विचारून पाहिले. उत्तर लिहिण्यासारखे नाही.

१९५१ साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ हे विनोदी वार्षिक सुरू केले. साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘मॅड’ हे व्यंगचित्रांचे नियतकालिक १९५२ साली निघाले आणि ‘प्लेबॉय’ १९५३ च्या डिसेंबरात. मोठ्या माणसांसाठी चित्रमय, थोडा चावट विनोद छापून विकावा ही कल्पना आपल्याकडे कुणा परदेशी अंकाचे पाहून आली असे मानण्याची सवय आहे, म्हणून एवढे सांगितले.

आवाजमध्ये विनोदी कथा असत, लेख असत, पानोपानी व्यंगचित्रे असत. पण अंक हातात आला की वाचक आधी शोधायचा ती खिडकी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. उजव्या हाताच्या पानावर एक चित्र असते आणि त्या चित्राचा काही भाग कापून काढलेला असतो. त्या भोकातून खालच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो. वरचे चित्र आणि खालचा तुकडा मिळून जे दृश्य तयार होते ते पाहून वाचक दचकतो, इकडे तिकडे बघतो, आणि पान उलटतो. उलटल्यावर खालचे संपूर्ण चित्र समोर येते आणि त्यात काहीही वावगे नसते. प्रत्यक्ष अंकातील चित्राची नक्कल न करता मी आपला एक मासला रचून सांगते. खिडकीच्या गजांतून चोरून पाहणारे दोन म्हातारे, आत उघडी पाठ आणि तिच्यावरून फिरणारा तेल माखलेला हात. पान उलटावे तर तालीम! पैलवान पालथा पडला आहे आणि वस्ताद त्याला मालिश करतो आहे. चंद्रशेखर पत्की, ज्ञानेश सोनार अशा चित्रकारांची नावे या खिडक्यांशी कायमची जोडली गेली.

ही गंमत छापायला किती कटकटीची असेल याचा विचार वाचक करत नाही. मी एका छापखान्यात जाऊन समजून घेतले. भोक पाडण्यासाठी पोलादी पात्यांचा साचा करावा लागतो. छापखान्यात त्याला डाय म्हणतात. छापलेला कागद त्या साच्याखाली दाबून कापायचा, मग घड्या, मग बांधणी. घडी एका सुताने जरी सरकली तरी भोकातून पाठीऐवजी पैलवानाचा कान दिसणार आणि विनोद मेला. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. कागदाला दोन बाजू असतात. उजव्या पानाला भोक पाडले म्हणजे त्याच्या पाठीलाही ते पडलेच. पान उलटल्यावर ते भोक डावीकडे येते आणि त्यातून आधीच्या डाव्या पानाचा तुकडा दिसू लागतो. म्हणजे एका विनोदासाठी चित्रकाराला तीन पानांचा हिशोब जुळवावा लागतो, आणि पाठच्या पानावर सलग मजकूर छापायची सोय राहत नाही. जिथे पानापानाचा खर्च मोजला जातो तिथे एवढी जागा कुणी सुखासुखी अडवून ठेवत नाही. ती अडवली, कारण अंक खपायचा तो तिच्यावर. शिवाय या मालाची नक्कल करणे सोपे नव्हते. कथा कुणीही मागवू शकतो, पण डाय, कटिंग आणि चित्र यांचा मेळ घालणे हे कसब आहे.

‘मॅड’मध्ये १९६४ साली अल् जॅफी यांनी पान घडी घालून पाहण्याचे चित्र सुरू केले. त्यात घडी घातली की नवा अर्थ निघतो, आपल्याकडे पान उलटले की जुना अर्थ पळतो. दोन्हीकडे कागदाचा गुण वापरला आहे. मला आपली तऱ्हा अधिक अवघड वाटते.

वार्षिकाचा धंदा मासिकापेक्षा फार वेगळा असतो. मासिकाचा एक अंक फसला तर पुढच्या महिन्यात सावरता येते. वार्षिकाला ती सोय नाही. पावसाळ्यात कागद, छपाई, चित्रकार आणि लेखक यांत पैसा गुंतवायचा आणि दिवाळीच्या आगेमागे जे काही आठवडे मिळतील त्यांत तो वसूल करायचा. देवदिवाळी उलटली की उरलेल्या प्रती आणि रद्दी यांत फारसा फरक राहत नाही. जाहिरातींचा आधार असतो, परंतु जाहिरातदार खप पाहतो. त्यातून आपल्या वाचनालयांची दिवाळी अंक योजना! एकदा वर्गणी भरली की पुढचे कित्येक महिने सगळे अंक आळीपाळीने घरी. वाचकाचे कल्याण होते, पण प्रकाशकाची एक प्रत पन्नासजण वाचतात. इथे खिडकीचा एक गुण ध्यानात येतो. ती पहिल्यांदा उघडणाऱ्यालाच पुरी फळते. दहाव्या हातात जाईपर्यंत खिडकीची कड फाटलेली असते आणि कुणीतरी बोलूनही गेलेले असते. स्वतःची प्रत विकत घेण्याला त्यामुळे कारण राहते. पाटकरांनी हा विचार करून खिडकी पाडली असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तसा होतो.

आपल्या भागापुरती एक गोष्ट इथे नोंदवते. आवाज सुरू झाला तेव्हा बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हा भाग म्हैसूर राज्यात गेला. अंकाचे इथले वाचक कुठेही न हलता परराज्यातले वाचक झाले. गठ्ठे मात्र कोल्हापूरच्या बाजूने येतच राहिले. आजही येतात.

आणि पलीकडचे काय? या नियतकालिकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना ‘कोरवंजी’ हे नाव नक्की माहीत असावे. डॉ. एम. शिवराम, म्हणजेच ‘राशी’, यांनी १९४२ साली बेंगळुरात ते विनोदी मासिक काढले. आर. के. लक्ष्मण यांची सुरुवातीची चित्रे त्यात आली. १९६७ साली ते बंद पडले. पुढे १९८३ साली ‘अपरंजी’ने तो वारसा चालवला. कोरवंजीचा विनोद सौम्य, घरात सर्वांसमोर वाचता येण्यासारखा. तो दर महिन्याला द्यायचा म्हणजे केवढी दमछाक! वार्षिक असल्यामुळे आवाजला वर्षभर श्वास घेता आला, हे त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे. दिल्लीचे ‘शंकर्स वीकली’ १९७५ साली थांबले. आवाज मधुकर पाटकरांनंतर भारतभूषण पाटकरांच्या संपादनाखाली नव्या शतकातही निघत राहिला.

आता कायद्याकडे वळू, कारण चावट मजकूर विकणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असे. भारतीय दंडसंहितेचे कलम २९२ अश्लील साहित्य छापणे आणि विकणे हा गुन्हा ठरवत असे. पण अश्लील म्हणजे काय, हे मूळ कलमात सांगितलेलेच नव्हते. न्यायालये १८६८ च्या हिकलिन या इंग्रजी खटल्यातील कसोटी वापरत. ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशांच्या हाती हा मजकूर पडला तर ते बिघडेल का, अशी ती कसोटी. आणि त्यासाठी पुस्तकातला एखादा सुटा उतारा घेऊनही निकाल देता येई. १९६४ साली मुंबईच्या ‘हॅपी बुक स्टॉल’चे एक भागीदार रणजित उदेशी यांना ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पुस्तकात काय आहे हे विक्रेत्याला माहीत होते असे सिद्ध करण्याची गरज नाही, असेही त्या निकालात म्हटले आहे. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवाल्याने गठ्ठ्यातला प्रत्येक अंक आधी वाचून काढावा, असाच याचा अर्थ झाला.

दुसरा खटला थेट मराठी दिवाळी अंकाचा. पुण्याच्या ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही दीर्घकथा आली. तक्रार झाली. खालच्या न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला दोषी ठरवले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. काळाप्रमाणे समाजाची कल्पना बदलते, आणि मजकूर त्याच्या संपूर्ण संदर्भात पाहावा लागतो, असा त्या निकालाचा रोख आहे. एका दिवाळी अंकाचा हिशोब मिटायला सात वर्षे लागली! त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन अश्लीलतेचा अर्थ त्यात घातला गेला. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अवीक सरकार खटल्यात बाजूला ठेवली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली असून त्यात हा गुन्हा कलम २९४ खाली आहे.

हे निकाल वाचताना मला सारखी खिडकीच आठवत होती. सुटा उतारा म्हणजे भोकातून दिसणारा तुकडा. संपूर्ण कृती म्हणजे पान उलटल्यावरचे चित्र. वकिलांना जे सांगायला पाने भरावी लागली ते आवाजचा चित्रकार कात्रीने सांगत होता : तुकडा पाहून जे वाटले ते तुमच्या मनातले, माझ्या चित्रात ते नाही.

पण हे समर्थन मी निम्मेच मान्य करते. भोक कुठे पाडायचे हे वाचक ठरवत नाही. पैलवानाची पाठ नेमकी खांद्यापासून कमरेपर्यंतच दिसावी हे चित्रकाराने ठरवले आहे. मग सगळा दोष वाचकाच्या मनावर टाकून तो मोकळा कसा होईल? दुसरे असे, की चोरून पाहणारा नेहमी पुरुष असतो आणि ज्या बाईचा भास होतो ती कधी पाहत नाही, तिला फक्त पाहिले जाते. जुने अंक चाळताना पंचवीस-तीस खिडक्या पाहिल्यावर मला हसू कमी आणि कंटाळा अधिक आला. नवऱ्याला लाटणे दाखवणारी जाडी बायको, साहेबाच्या मांडीवरची टायपिस्ट, यांची चित्रे तर खिडकीशिवायही भरपूर आहेत. मुलींनी हे अंक पाहू नयेत असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की या चित्रांत जिचा विषय आहे तिनेच ती पाहू नयेत, हे अजब आहे. आम्ही पाहिली तरच त्यात काय चुकले ते सांगणार.

तरीही हे अंक टिकले पाहिजेत असे मला वाटते, आणि ते टिकत नाहीत. या लेखासाठी मी निपाणी आणि बेळगाव येथे शोध घेतला. कथा-कवितांच्या जुन्या दिवाळी अंकांचे बांधलेले खंड मिळतात. विनोदी अंक ‘संग्राह्य नाहीत’ म्हणून दर काही वर्षांनी काढून टाकतात. मला ते मिळाले रद्दीच्या दुकानात, किलोच्या भावाने. आणि त्यांतही कित्येक खिडक्यांची पाने कुणीतरी ब्लेडने नीट कापून नेलेली. मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत म्हटले तर तेही जमत नाही. वरच्या पानाचा फोटो काढला की भोकातला तुकडा त्याच्यातच चिकटून बसतो आणि ती खिडकी न राहता साधे चित्र होते. प्रत्येक खिडकीचे तीन फोटो लागतात : खाली कोरा कागद सरकवून वरच्या पानाचा, मग तसाच त्याच्या पाठीचा, मग खालच्या पूर्ण चित्राचा. आमच्या ग्रंथालयात कुणी हे काम हाती घेणार असेल तर बाइंडरला आधी एक सूचना द्यावी. खंड बांधताना कडा छाटू नयेत आणि शिवण पानाच्या आत ओढून घेऊ नये. नाहीतर खालचे पान दोन सूत सरकते, आणि पैलवानाचा कान दिसू लागतो.