न दिसणारी जखम

अंगावरची जखम सर्वांना दिसते. मनावरची जखम ज्याची त्यालाच ठाऊक असते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीची ही दुसरी जखम तर पाहायचीच नाही, असे जणू आपण ठरवूनच टाकले आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासात मथुरा प्रकरण वाचले, तेव्हापासून हा विचार माझा पाठलाग करीत आहे.

मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. परंतु १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हे त्यामागचे एक कारण. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले. पुढे देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला.

आज मानसशास्त्र सांगते की, पराकोटीच्या भीतीने माणसाचे शरीर थिजू शकते. ओरडता येत नाही, हात हलत नाही. म्हणजे खूण नसणे ही संमती नव्हे. मग ही जखम भरते कशी? अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुरक्षितता, मग घडलेले आठवून त्याचा शोक करणे, आणि शेवटी माणसांत पुन्हा मिसळणे. पहिल्या पायरीवर घाई केली तर पुढच्या कच्च्या राहतात.

हे वाचताना मला आमच्या उमापूर परिसरातल्या बाया आठवतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन त्या ऊसतोडीला जातात. उघड्या रानातल्या कोपीला दार नसते, मुकादमाची उचल डोक्यावर असते. तिथे काही विपरीत घडले तर ती कोणाला सांगणार? उचल फिटलेली नाही, गाव दूर आहे, आणि सांगितले तर "आपल्याच लोकांची अब्रू जाईल" असे म्हणणारी माणसे घरातच असतात. दलित वा आदिवासी स्त्रीवर हे ओझे दुहेरी: बाहेरचे तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि घरचे तिला गप्प बसवतात.

साता समुद्रापलीकडेही हेच घडले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९४४ साली रेसी टेलर या कृष्णवर्णीय स्त्रीवर गोऱ्यांच्या टोळक्याने अत्याचार केला. दोन वेळा ग्रँड ज्यूरीने खटला भरायलाच नकार दिला. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रोझा पार्क्स तिच्याच समाजातल्या होत्या. राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ साली. न्याय मिळाला नाही, पण ती एकटीही पडली नाही. माझ्या मते येथेच आपला धडा आहे.

कायदा आज बराच पुढे आला आहे. कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. १८१ क्रमांकावर महिलांना मदत मिळते. २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजनाही आहे. पहिल्या ७२ तासांत वैद्यकीय उपचार घेणे फार मोलाचे असते. हे प्रत्येक बचत गटात आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी टोळीतल्या प्रत्येक बाईला सांगायला हवे.

परंतु रुग्णालयाच्या आधी आई, बहीण, जाऊ, मैत्रीण येते. ती पहिल्यांदा काय बोलते, यावर पुष्कळ अवलंबून असते. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न दुसरी जखम करतो. "मी तुझ्यावर विश्वास ठेवते, यात तुझा दोष नाही, पुढे काय करायचे ते तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे" एवढे म्हणायला पदवी लागत नाही. मग तिने सांगितलेले दुसऱ्या कानी जाऊ द्यायचे नाही आणि महिन्याने पुन्हा तिच्या दारी जायचे.

आपण शिकलो म्हणजे काय, याची परीक्षा अशाच दारात होते.