प्रश्नोत्तरे : एकदा गेली की परत न येणारी बंदूक

प्रश्न : आमचे घर राजापूर तालुक्यात आहे. वडिलांच्या परवान्यावर दोन बंदुका आहेत. एक आजोबांकडून आलेली ठासणीची, दुसरी वडिलांनी जुनी विकत घेतलेली विलायती जोडनळी. अमेरिकेतला माझा चुलतभाऊ बंदुका जमवतो. संग्रहातली कुठली बंदूक गेली तर पुन्हा मिळणार नाही, यावर त्याच्या मित्रमंडळींत नेहमी वाद रंगतो म्हणे. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, की आमच्या दोन्हींपैकी अशी कुठली? वडील आता ७३ वर्षांचे आहेत.
– एक वाचक, राजापूर

उत्तर : तुमची ठासणीची. विकायला काढलीत तर तिला फारशी किंमत येणार नाही आणि जोडनळीला गिऱ्हाईक चटकन मिळेल, तरी माझे उत्तर बदलत नाही.

आधी चुलतभावाच्या वादाबद्दल. त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः पैशात निघते. कोल्ट कंपनीचे पायथन रिव्हॉल्व्हर १९५५ साली आले आणि २००५ साली बंद झाले. मग कित्येक वर्षे ते संग्राहकांच्या ‘पुन्हा मिळणार नाही’ या यादीत वर होते. २०२० मध्ये कंपनीने ते परत बनवायला घेतले. खरी टंचाई तिथे कायद्याने केली ती मुख्यतः एकाच प्रकारात. १९ मे १९८६ नंतर नोंदवलेली पूर्ण स्वयंचलित बंदूक सामान्य नागरिकाला घेता येत नाही, त्यामुळे त्या तारखेआधी नोंदलेल्या जेवढ्या आहेत तेवढ्याच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव चढत राहतात.

आपल्याकडेही टंचाईची सुरुवात साधारण त्याच सुमाराची. परदेशातून कायमचे परतणारे लोक पूर्वी सामानाबरोबर बंदूक किंवा रिव्हॉल्व्हर आणू शकत. १९८०च्या दशकाच्या मध्यात ती वाट बंद झाली आणि नामांकित नेमबाजांना मिळणारी सवलत वगळली तर सर्वसामान्य परवानाधारकासाठी विलायती शस्त्र येणे थांबले. देशात तेव्हा जेवढी विलायती शस्त्रे होती, तेवढीच आज परवान्यांवर फिरताहेत, आणि गंजून, फुटून, जप्त होऊन त्यांतलीही कमी होताहेत. तुमची जोडनळी यात मोडते.

म्हणून तिच्याकडे नीट पाहा. नळ्यांच्या सपाट पट्टीवर कारखान्याचे नाव असेल. आपल्याकडच्या विलायती बंदुकांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट आणि ग्रीनर या नावांना मोठा मान आहे. नळ्या उतरवल्या की खालच्या बाजूला चाचणीचे छोटे शिक्के दिसतील. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ पासून हे शिक्के मारत आले आहे. बंदूक फक्त काळ्या दारूला सोसते की आजच्या धूररहित दारूलाही, हे त्या शिक्क्यांवरून कळते, म्हणून ते जाणकाराकडून वाचून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस पद्धतीची, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, तापवून सांधलेली. अशी नळी हौसेने कोणी बनवत असेल तेवढेच, कारखान्यांनी ते काम कधीच सोडले. अशी बंदूक बार काढायला वापरू नका. विलायती जुन्या बंदुकांत काडतूस बसायचे घर बहुधा अडीच इंची असते आणि आज मिळणारे बारा बोअरचे काडतूस पुष्कळदा पावणेतीन इंची. ते आत बसते, पण फुटताना उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. घर मोजून घेतल्याशिवाय काडतूस भरू नये.

बंदूक गेल्यावर तशीच दुसरी मिळवण्यात सगळ्यात सोपी ती आपल्या आयुधनिर्माणींची. ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आज गेली तर परवानगी घेऊन तशीच दुसरी घेता येते. हे माप नागरिकांच्या वाट्याला आले तेही लष्करी .३०३ त्यांना निषिद्ध केल्यामुळे. संस्थानिकांच्या शिकारीच्या रायफलींचीही हीच गोष्ट. १९०७च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० मापावर बंदी घातली आणि लंडनच्या कारखान्यांना मुख्यतः या गिऱ्हाइकासाठी .४६५, .४७० अशी नवी मापे पुढे आणावी लागली. इथल्या कायद्याने तिथले पोलाद वेगळे कातले गेले. ज्या घराण्यात अशी रायफल अजून आहे, तिथे ती गेली तर दुसरी मिळणे जवळजवळ अशक्य आहे, हे मी मान्य करतो. पण निदान तिचे नाव, क्रमांक आणि माप कारखान्याच्या वह्यांत नोंदलेले असते. शोधायला धागा असतो.

तुमच्या ठासणीच्या बंदुकीला असा कुठलाच धागा नाही.

ठासणीची बंदूक जगाने केव्हाच बाजूला ठेवली. केप, म्हणजे ठिणगी देणारी स्फोटक टोपी, लावून उडणारी बंदूक १८२०च्या सुमाराची, आणि काडतूस मागून भरायची सोय १८३०च्या दशकापासून होत गेली. विसाव्या शतकात नळीच्या तोंडातून दारू ठासणारे लोक पाश्चात्त्य देशांत मुख्यतः हौशीच उरले. कोकणात मात्र ती कामाचे हत्यार म्हणून टिकली, याचे कारण कायद्यात आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे १३वे कलम पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी परवाना देण्याबद्दल बोलते, ते ठासणीच्या बंदुकीचे नाव घेऊनच. ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. एक बार काढायचा, मग पुन्हा दारू, बोळा, छर्रे, बोळा, गज, केप. असे संथ हत्यार शेतकऱ्याच्या हाती द्यायला सरकारचा जीव घाबरत नाही. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाताच्या खळ्यावर, काजूच्या आणि आंब्याच्या बागेत ती पिढ्यान् पिढ्या राहिली.

या बंदुकांना ठरलेले माप नसते. दोन बंदुकांच्या नळ्या सारख्या नसतात, घोड्यांचा ताण सारखा नसतो. कुठल्या बंदुकीला किती दारू मानवते, छर्रा किती पसरतो, पावसाळी हवेत केप दगा देते का, हे तिच्या धन्यालाच ठाऊक असते आणि ते कुठे लिहिलेले नसते. तुमच्या वडिलांना हे येत असेल तर आजच विचारून वहीत उतरवून ठेवा. परवानाधारक कारखान्याची नवी ठासणीची मिळू शकते, मुंगेरचे नाव त्यासाठी देशभर ठाऊक आहे. पण त्या नव्या बंदुकीचा आणि तुमच्या बागेचा एकमेकांशी परिचय व्हायला एक आयुष्य जाते. जुनी दुरुस्त करायची तर परवानाधारक कारागीरच हवा. ठासणीच्या कामाला हात सवयीचा असलेले असे कारागीर आता थोडे आहेत.

शिवाय आपल्या हवेत ती टिकणे कठीण. काळ्या दारूची राख ओल शोषून घेते आणि त्यात खाडीकडून येणारा खारा वारा. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवली नाही तर आतून खड्डे पडतात. निवडणुकीत हा प्रश्न आणखी वाढतो. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे काजू आणि आंबा ऐन भरात असताना. त्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. बागेची राखण थांबते ती थांबतेच, वर आठवडेच्या आठवडे कोठीत बिनतेलाच्या पडलेल्या नळीला गंज धरतो. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, निवडणूक काळातल्या छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. शेतीसंरक्षण परवाना असणाऱ्याने त्या समितीकडे वेळेत लेखी अर्ज करावा. यात भीड धरू नये. जमा करावीच लागली तर तेल लावलेल्या कापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या.

आता परवान्याबद्दल, कारण माझ्या उत्तराचा खरा आधार तिथे आहे. वस्तू गेली आणि परवाना हातात असला तर परवानगी घेऊन दुसरी वस्तू येते. परवाना गेला तर काही येत नाही. कर्नाटकातल्या कोडगूत वेगळे आहे. तिथे कोडव समाजाला आणि वंशपरंपरेने आलेल्या जम्मा जमिनीच्या धारकांना काही शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे, ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली आणि केंद्राने २०१९ मध्ये पुन्हा दहा वर्षांसाठी वाढवलेली. तिथे घरातली बंदूक परवान्यावर अवलंबून नसते. आपल्याकडे असते. परवानाधारक वारल्यावर घरच्यांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, आणि ठरलेल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवून ती सोडवली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. कोकणातल्या पुष्कळ ठासणीच्या बंदुका अशाच गेल्या असाव्यात असे मला वाटते. मुलगे मुंबईत, अर्ज करायला कोणी नाही, आणि पंचनाम्यातली एक ओळ मागे. तिथे विलायती जोडनळी असती तर कोणीतरी धावपळ केली असती, कारण तिला भाव आहे. ठासणीच्या बंदुकीसाठी सहसा कोणी धावत नाही, आणि परत न मिळण्याचे मोठे कारण मी हे मानतो.

तुम्ही मात्र थांबू नका. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना करता येतो. तुमचे वडील ७३ वर्षांचे आहेत, म्हणजे हा मार्ग तुम्हाला आज उघडा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागेल. तुमचे वय २१ पूर्ण हवे, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा, भावंडांची ना-हरकत जोडलेली बरी. सध्याच्या परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला एकमेव क्रमांक मिळालेला आहे ना, तेही बघा. पिकासाठीचा परवाना मागताना सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. वन्यप्राणी किती त्रास देतात हे कागदावर दिसले पाहिजे. रानडुकरावर बार काढायला मात्र परवाना पुरत नाही. वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

एक गोष्ट लक्षात ठेवून निर्णय घ्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या, आणि वारसाने आलेल्याही या दोनांतच मोजल्या जातात. तुमच्या स्वतःच्या नावावर आधीच एखादी असेल तर या दोन्हींपैकी एक सोडावी लागेल. तेव्हा बाजारभाव पाहून ठासणीची सोडू नका. जोडनळी भावाच्या किंवा बहिणीच्या नावे करता येते का ते बघा, नाही जमले तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत विका. तिला जपणारा कोणी ना कोणी भेटेल.

प्रश्न : आमच्या माळ्यावर खापरपणजोबांची तोड्याची बंदूक सापडली. घोडा तुटलेला, नळी बुजलेली. परवाना नाही. भिंतीवर लावली तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : शस्त्र अधिनियमाचे ४५वे कलम जुन्या बनावटीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देते, पण अट एक आहे. दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. हे ठरवणे तुमच्या किंवा माझ्या हाती नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा आता किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे तुरुंगवास आहे, तेव्हा भिंतीवर लावण्याआधी पोलीस ठाण्याला लेखी कळवा, तपासणी करून घ्या आणि तसा कागद जवळ ठेवा. बुजलेली नळी स्वतः साफ करायला जाऊ नका, आत जुना बार असू शकतो. नळीवर कुठला क्रमांक किंवा खूण असेल तर ती घासू नका, क्रमांक पुसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही, तिकडच्या नातेवाइकाने कितीही मागितली तरी. आणि घरात ठेवणे जड वाटत असेल तर भंगारात घालण्याआधी एखाद्या वस्तुसंग्रहालयाला विचारा. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय लोकांच्या घरांतून मिळवलेल्या वस्तूंवरच उभे राहिलेले आहे.