कंद उकरण्यापूर्वी

चि. माधव यास,

काल आप्पा जुन्नरहून आले आणि त्यांनी सांगितलेल्या हकिकतीने रात्रभर डोळ्यास डोळा लागला नाही. नाणेघाटाच्या वाटेवर, वेल वाळून पाने झडलेली असताना, तू एक कंद करांद्याचा म्हणून उकरलास आणि तो भाजावयास निघालेल्या तुझ्या सोबत्यांना एका गुराख्याने अडविले, कारण तो कळलावीचा होता, हे खरे काय? खोटे असल्यास उलट टपाली कळव.

अरे, कळलावीस संस्कृतात लांगली म्हणतात ती तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो म्हणून; करांदा गोलसर. एवढी खातरजमाही तुला करवली नाही? श्रावणात कळलावीच्या पानाचे टोक सुतासारखे निमुळते होऊन शेजारच्या काटकीला विळखा घालते, तर करांद्याचे पान हृदयाकृती आणि त्याच्या बगलेत लहान कंद लोंबतात. ज्याने वेल तेव्हा पाहून खूण करून ठेवली नाही, त्याने कार्तिकात तेथे कुदळ घालू नये. कळलावीच्या कंदातील कोल्चिसिन प्राण घेते, माधव. गुराखी त्या वाटेने आला नसता तर?

कूकसाहेबाचा, १९०१ ते १९०८ या काळात निघालेला, मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ मीच तुझ्या हाती दिला. तुझ्या वयात त्यालाच अखेरचा दाखला मानून मी हिंडत असे. भीमाशंकरच्या रानात एका महादेव कोळी म्हातारीने माझ्या हातची मुळी हिसकावून फेकली, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोललो. ती मुळी विषारी होती, हे पुढे उमगले; क्षमा मागावयास गेलो तो ती निवर्तली होती. ते शल्य अजून जात नाही. त्या गुराख्याचे नाव तरी तू विचारलेस ना? नसल्यास जाऊन विचार, आणि त्याच्या मागोमाग वर्षभर चाल.

फार रागे भरलो. पण पाच वर्षांचा असताना गणपतीच्या पत्रीसाठी तू आघाडा आणलास आणि आजीने कसा ओळखलास म्हणून विचारताच, ‘हा माझ्या सदऱ्याला धरून बसतो,’ म्हणालास; ती किती दिवस ते सांगत होती! ती दृष्टी तुझी आहेच. फक्त घाई नको.

माझे भिंग आप्पांबरोबर पाठवीत आहे, काकूने लाडू दिले आहेत. रानात खुशाल जा. मात्र घरी परतलास की दोन ओळी टाकीत जा, म्हणजे आम्हां दोघांना झोप लागेल.

तुझा काका