गर्दी वाढली : जागा वाढवावी की दुसरे दुकान काढावे?

धंदा चालू लागला की प्रत्येक व्यापाऱ्यापुढे हा प्रश्न येतो. अमेरिकेतील डिस्ने कंपनीपुढेही तो आला. तिचा अनुभव आपल्याला उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे मनोरंजन उद्यान १९५५ साली सुरू झाले. लवकरच भोवती इतरांची हॉटेले उभी राहिली आणि वाढायला जागा उरली नाही. म्हणून फ्लोरिडात कंपनीने आधीच सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. तेथे १९७१ ते १९९८ या काळात एकामागून एक चार उद्याने उघडली.

कॅलिफोर्नियात २००१ साली पार्किंगच्या जागेवर दुसरे उद्यान काढले. त्यात पाहण्यासारखे कमी होते. लोक जुन्याच उद्यानात जात राहिले. अखेर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चून ते सुधारावे लागले. २०१२ साली हे काम पुरे झाले. २०१९ साली मात्र कंपनीने जुन्याच उद्यानाला १४ एकरांचा विभाग जोडला, वाटाही रुंद केल्या.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, गिऱ्हाईक नेमके कोठे अडते ते आधी पाहा. जागा असेल तर तीच वाढवा. दुसऱ्या दुकानाला भाडे, नोकर, माल सारेच नव्याने लागते. ते काढायचेच तर पहिल्याच्या तोडीचे काढा. नुसत्या नावाच्या पाटीने गर्दी वळत नाही.